राग : दिवसातून तीन वेळा

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परदेशातल्या मुलाच्या घरी दोनच कामं असतात. पहिलं, घर गरम ठेवणाऱ्या भिंतीवरच्या बटणाला हात न लावणं. आणि दुसरं, पुण्याहून फोन आला की "मजेत आहोत" म्हणून सांगणं. मिलवॉकीच्या मुक्कामात ही दोन्ही कामं मी चोख बजावत होतो. बाहेर गुडघाभर बर्फ होतं, आत मी होतो. अशात एका शनिवारी दुपारी आमची पंधरा वर्षांची नात तळघराचा जिना चढून वर आली आणि म्हणाली,

"आजोबा, तू बार्बेरियन होशील का?"

अख्खी नोकरी सरकारी हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. "तुम्ही रानटी आहात," असं दोघा-तिघा कंत्राटदारांनी माझ्या तोंडावर म्हटलं होतं. पण त्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.

झालं होतं असं, की खाली तळघरात तिची मित्रमंडळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळायला जमली होती, आणि त्यातल्या एकीला सर्दी झाल्यामुळे ती आली नव्हती. आता सर्दी झालेली मुलगी ही नेमकी टोळीतली कुऱ्हाडवाली. ती नसेल तर उरलेल्या तिघांना पहिल्याच पुलावर गॉब्लिन खाऊन टाकणार. गॉब्लिन म्हणजे ठेंगणं, हिरवं, दुष्ट भूत. तेव्हा कुणीतरी तिच्या जागी बसणं भाग होतं.

"आणि हो," जिना उतरता उतरता नात म्हणाली, "ती बाई आहे हं."

मी दोन पायऱ्या तसाच उभा राहिलो. मग म्हटलं, चला. लहानपणी मेळ्यात द्रौपदी केली होती. निदान इथे लुगडं नेसायचं नव्हतं.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट असलाच तर नावापुरता असतो. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि "मी हे करतो, मी ते करतो" म्हणून सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फाशांवर ठरतं. त्यातला मुख्य फासा वीस बाजूंचा. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तीन लहान पुस्तिका एका खोक्यात घालून तो विकायला काढला. आमचं लग्न त्याच सालचं. दोन्ही प्रकारांत नियम अपुरे दिले होते आणि बरंचसं ज्यानं त्यानं खेळता खेळता ठरवायचं होतं, एवढं साम्य मला तिथल्या तिथे दिसलं.

माझ्यापुढे एक कागद सरकवण्यात आला. त्यावर माझी ताकद, चपळाई, अक्कल वगैरे आकड्यांत लिहिलेली होती. (अक्कल आठ. तिसांपैकी का, म्हणून विचारलं, तर नुसतेच सगळे हसले.) पात्राचं नाव उच्चारताना माझी कवळी हलायला लागली, म्हणून मी ते सोडून दिलं. आणि तळाशी एक ओळ होती : राग – दिवसातून तीन वेळा.

मला वाटलं औषध आहे.

औषध नव्हतं. बार्बेरियनचं सगळं भांडवल म्हणजे राग. मुलं 2014 सालच्या आवृत्तीप्रमाणे खेळत होती. तिच्यात पहिल्या पातळीच्या बार्बेरियनला दिवसाला दोन राग मिळतात, तिसरीला तीन, पुढे वाढत वाढत विसाव्या पातळीला अमर्याद. राग आला की तुमचा घाव जास्त लागतो आणि तुम्हाला लागलेला घाव निम्माच लागतो. त्याची मुदत एक मिनिट. दरम्यान तुम्ही कुणावर हात उचलला नाहीत, की तुम्हाला कुणी मारलं नाही, तर तो आपोआप उतरतो. रात्रभर झोप काढली, की सकाळी कोटा पुन्हा भरलेला. हिशेबखात्यातल्या माणसाला यापेक्षा सुबक व्यवस्था काय पाहिजे?

खेळ सुरू झाला. पूल आला. पुलावर गॉब्लिन आला. "पुढे जायचं नाही," असं नातीनं गॉब्लिनच्या आवाजात सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि माझ्या सहा फुटी, कुऱ्हाडधारी बाईच्या तोंडून विचारलं, "कुणाची परवानगी घ्यावी लागेल?"

गॉब्लिननं तिच्या आईवरून काहीतरी काढलं. मी म्हटलं, जाऊ दे, शब्दानं शब्द वाढतो. त्यानं दगड मारला. मी म्हटलं, दुसरी वाट आहे का पाहू. "आजोबा, राग वापर ना!" नात दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा सांगितलं, की अजून तसं कारण झालेलं नाही. शेवटी गॉब्लिनच्या बाणानं आमच्यातला एल्फ – टोकदार कानांचा, वनात राहणारा, खऱ्या आयुष्यात दातांना तारा लावलेला एक शिष्ट मुलगा – जखमी झाला, तेव्हा कुठे मी म्हटलं, "आता हरकत नाही." पण तोवर माझ्या बाईनं एल्फला मलमपट्टी करायला घेतली होती. आम्ही पूल सोडून नदीकाठानं दोन तास वळसा घालून गेलो. संध्याकाळी कागदावर तिन्ही राग जसेच्या तसे शिल्लक होते. वर्षअखेरीला अनुदान अखर्चित राहिलं, की आमच्या खात्यात शाबासकी मिळायची. इथे एल्फ म्हणाला, "सर, तुमची बार्बेरियन माझ्या आजीसारखी वागते."

मला ते लागलं. मी कागदावरच्या बाईला बाई केलं होतं, म्हणजे नक्की काय केलं होतं?

मुलाला या खेळाची जुनी पुस्तकं जमवायचा नाद आहे. रात्री झोप येईना म्हणून त्यातलं 1978 सालचं एक उचललं. 'प्लेयर्स हँडबुक'. आणि काय सांगू, वाचकहो, त्यात तक्तेच तक्ते! माझा जीव हरखला. हे लिहिणारे गायगॅक्स इथून तासा-सव्वा तासाच्या वाटेवरच्या लेक जिनीव्हा गावचे. आधी विम्याच्या कचेरीत जोखीम ठरवायचं काम करत, ती नोकरी गेल्यावर काही काळ जोडे दुरुस्त करत. विम्याचा माणूस म्हटल्यावर तक्ते आलेच. कोणत्या चिलखतावर कोणतं हत्यार कितपत चालेल याचासुद्धा तक्ता होता. त्यातच ताकदीचा तक्ता सापडला.

ताकद तीनपासून अठरापर्यंत. लढवय्याला पुरे अठरा मिळाले, तर त्यानं आणखी शंभरी फासे टाकायचे. म्हणजे अठरा आणि वर शंभरापैकी किती, असा त्याचा आकडा. माणूस जातीच्या पुरुषाला शंभरच्या शंभर पावतात. माणूस जातीच्या बाईला 50. पुढे नाही. अर्ध्या ऑर्क रक्ताची बाई असेल – ऑर्क म्हणजे साधारण आपला राक्षस – तर तिला 75. म्हणजे बाईला वरचे पंचवीस हवे असतील, तर आईबापांपैकी एक जण राक्षस असावा लागतो. एल्फ जातीच्या बाईला तर अठराही नाहीत, 16 वर थांब. 50 वाल्याच्या घावाला तीनची भर मिळते, पुऱ्या शंभरवाल्याला सहाची. नेमकी दुप्पट.

सकाळी मी हे नातीला दाखवलं आणि – खरं सांगायचं तर – पुस्तकाची बाजू घेऊन बोललो. म्हटलं, सरासरी पुरुष सरासरी बाईपेक्षा ताकदवान असतो, हे वास्तव आहे. त्या लोकांचा पिंड युद्धखेळांचा. पलटणीची ताकद मोजून मांडायची त्यांना सवय. मोजणाऱ्यानं वास्तव मांडलं, यात कुणाचं काय बिघडलं?

"आजोबा, त्याच पुस्तकात माणूस हात हलवून आगीचा गोळा फेकतो."

"ती जादू झाली."

"मग जादूला चालतं आणि बाईला चालत नाही?"

मी कॉफी ढवळत बसलो. एक हिशेबनीस म्हणून मला खरं तर हे आधीच दिसायला हवं होतं. सरासरी ही पाहून काढायची असते. कमाल मर्यादा कुणीतरी घालायची असते. बायकांच्या ताकदीची सरासरी कमी धरली असती, तर तो एक जमाखर्च झाला असता. पण लाखात एखादी निघेल, तिला उद्देशून 'पन्नासच्या पुढे जायचं नाही' असा नियम करणं हा जमाखर्च नव्हे, परिपत्रक आहे. आणि परिपत्रकं मी भरपूर काढली आहेत. ती का निघतात, हे मला ठाऊक आहे.

आता कुणी म्हणेल, अहो, पण अन्याय झाला तो कुणावर? जी बाई अस्तित्वातच नाही, तिला पन्नास काय आणि शंभर काय! हा प्रश्न मला पुरता दोन दिवस पुरला. कागदावरच्या बाईला दुखत नाही, हे कबूल. मग मला एक चित्र दिसायला लागलं. 1978 साल, असंच एखादं तळघर, चार मुलगे आणि कुणाची तरी बहीण. ती फासे टाकते. पडतात सत्त्याऐंशी. सगळे ओरडतात. मग एक जण पुस्तक उघडतो, तक्त्यावर बोट ठेवतो, आणि ती मुलगी पेन्सिलीचं दुसरं टोक घेऊन सत्त्याऐंशी खोडते आणि पन्नास लिहिते. रबराचा चुरा फुंकरीनं उडवते. चूक कुणाचीच नसते. पुस्तकात आहे म्हणून.

1989 च्या आवृत्तीत हा नियम काढून टाकला. ड्रॅगनांची कुठलीही तक्रार आल्याचं माझ्या वाचनात नाही.

पण आकडे काढले म्हणून डोक्यातला तक्ता जातो असं नाही. चित्रंच बघा ना. रेड सोन्या नावाची एक तांबड्या केसांची तलवारबाज 1973 साली अमेरिकेतल्या चित्रकथेत आली. तिची मूळ पुडी रॉबर्ट हॉवर्ड या लेखकानं 1934 साली सोडलेली. त्याची बाई 1529 च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात पिस्तुलं लावून लढते. चित्रकथेत आल्यावर मात्र थोड्याच काळात तिच्या अंगावर चिलखत म्हणून लोखंडी कड्यांची चोळी आणि त्याच कापडाची – लोखंडाचीच, पण कापडाइतकीच – लंगोटी उरली. शत्रू जिथे वार करायची शक्यता सर्वांत कमी, नेमका तेवढाच भाग झाकलेला. आमच्याकडच्या बायका नऊवारीचा कासोटा मारून घोड्यावर बसत. त्या वेषाचा शोध लावणाऱ्या अनामिक बाईला हे चिलखत दाखवलं असतं, तर तिनं आधी शाल पांघरायला दिली असती. मिलवॉकीच्या जानेवारीत तर फारच गरज होती.

कपड्यांपेक्षा मला कारणांचा प्रश्न जास्त छळतो. पुरुष रानटी योद्धा झाला, तर का झाला म्हणून कुणी विचारत नाही. कुऱ्हाड होती, झाला. बाई झाली, की पुरावे जोडावे लागतात. पाथफाइंडर नावाच्या खेळात अमिरी म्हणून बार्बेरियन बाई आहे. टोळीतल्यांनीच तिला मरायला म्हणून एका राक्षसावर पाठवलेलं. ती त्याचीच अवाढव्य तलवार घेऊन परत आली, आणि तो डाव होता हे कळल्यावर खवळली. कारण सबळ आहे, माझी तक्रार नाही. पण पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरून जाताना झाशीच्या राणीचा पुतळा आठवतो. घोडा उधळलाय, तलवार उगारलीय, आणि पाठीशी मूल बांधलेलं आहे. महाराजांच्या पाठीशी आपण कधी मूल बांधत नाही. महिषासुर मारायला प्रत्यक्ष देवी निघाली, तर तिचीसुद्धा हत्यारं एकेका देवानं दिलेली! माझी बाईसुद्धा एल्फ पडल्यावरच रागवायला निघाली होती. स्वतःच्या आईवरून शिवी खाऊन, स्वतः दगड खाऊन, तिला 'तसं कारण' झालेलं नव्हतं.

स्वीडनमध्ये बिर्का म्हणून ठिकाण आहे. तिथली दहाव्या शतकातली एक कबर 1878 साली उघडली. आत तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन घोडे. शंभराहून जास्त वर्षं तो सांगाडा शूर पुरुष योद्ध्याचा म्हणून पुस्तकांत वावरला. 2017 साली डीएनएचा निकाल आला : बाई. मग काही विद्वानांनी विचारलं, पण ही हत्यारं तिचीच होती कशावरून? पुरुष होता तोवर हा प्रश्न कुणाला फारसा पडला नव्हता. मला त्या कबरीतली दुसरीच वस्तू आवडली. हत्यारांबरोबर तिच्यासोबत खेळाचा पट आणि सोंगट्याही पुरल्या होत्या.

हे सगळं मी आमच्या हिला सांगत होतो. ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गवार मोडत बसली होती. ताकदीचा तक्ता मी तिला जरा रंगवूनच सांगितला. राक्षसीण 75, बाई 50. हसेल असं वाटलं.

"कुठल्या सालचं म्हणालात पुस्तक?"

"अठ्ठ्याहत्तर."

"हं," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

लग्नाला पन्नासाहून जास्त वर्षं झाली, की नवऱ्याला 'हं'चे अर्थ कळू लागतात. हा माझ्या यादीत नव्हता. मी वर जाऊन आडवा झालो आणि अर्ध्या तासानं उठून बसलो.

1978 च्या जूनमध्ये हिला पत्र आलं होतं. ही शिक्षिका. संस्थेची दुसऱ्या गावी शाळा होती, तिथे मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. वय सव्वीस. मी अजिबात विरोध केला नाही, हे मी आजवर अभिमानानं सांगत आलो आहे. मी म्हटलं, "तू ठरव." आणि मग आईचे गुडघे, दोन वर्षांचा मुलगा, माझी खात्याची परीक्षा, दोन बिऱ्हाडांचा खर्च असा सगळा तक्ता तिच्यापुढे व्यवस्थित आखून मांडला. तिनं नकाराचं पत्र लिहिलं. अक्षर फार सुरेख. पेटीत मी टाकलं. ती एका शब्दानं रागावली नाही, आणि ही गोष्ट मी किती पंगतींत, किती जणांच्या साठी-पंच्याहत्तरीला, तिच्यासमोर, 'आमच्या हिला राग म्हणून ठाऊक नाही' या वाक्यानं संपवली असेल! लोक तिच्याकडे कौतुकानं पाहायचे. ती आणखी वाढायची.

पुढच्या शनिवारी सर्दीवाली मुलगी पुन्हा आली नाही. नात जिन्यात आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, तू येतेस?"

मी मागोमाग गेलो, बघायला. हिनं चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, परीक्षेचा पेपर वाचावा तसा. मग रागाचे नियम समजावून घेतले. एक मिनिट. मारलं नाही किंवा मार खाल्ला नाही तर उतरतो. झोपून उठल्यावर पुन्हा तीन.

"गिळला की संपतो, असं कुठं लिहिलंय का गं यात?"

"नाही आजी."

"बरं."

मी वळसा घालून टाळलेल्या त्या पुलाशीच नातीनं टोळीला पुन्हा आणून सोडलं. गॉब्लिन आला. या खेपेला त्यानं शिवी दिली नाही, दगड मारला नाही. नुसता म्हणाला, "थांबा. आत विचारून सांगतो."

"राग," ही म्हणाली.

"आजी, पण त्यानं अजून काहीच केलं नाही."

"ठाऊक आहे. पहिला घे लिहून."

"अगं, निदान तो काय सांगतोय ते तरी –" मी म्हटलं. दातांना तारा लावलेल्या एल्फनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी पुढचं वाक्य परत घेतलं. हिनं वीस बाजूंचा फासा मुठीत खुळखुळवला. मंगळागौरीच्या खेळांनंतर मी तिला काही खेळताना पाहिलेलं नव्हतं. सतरा पडले. गॉब्लिन पुलावरून खाली गेला. मुलांनी टेबल बडवलं. हिनं पेन्सिल घेऊन कागदावर एक काट मारली आणि शांतपणे विचारलं, "अजून दोन आहेत ना?"

मी चहा टाकतो म्हणून वर आलो. चहाची पूड या घरात कुठे असते ते मला माहीत नव्हतं. आपल्या घरातही कुठे असते ते आठवेना. विचारावं म्हणून जिन्याच्या तोंडाशी गेलो, तेवढ्यात खालून फासा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हिचं हसू. मी परत फिरलो आणि फळीवरचे डबे एकेक करून उघडून वास घ्यायला लागलो.